गावच्या माणसांची वही

(जीर्णोद्धार सोहळ्यात ग्रामस्थांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाच्या जीर्णोद्धाराचे काम सर्वांच्या सहकार्याने तडीस गेले. अशा प्रत्येक कामात दोन याद्या तयार होत असतात. पहिली देणगीदारांची. ती पावतीपुस्तकावरून उतरते, स्मरणिकेत छापली जाते, पुष्कळदा संगमरवरी फरशीवर कोरलीही जाते. दुसरी यादी हातांची. चिरे कोणी वाहिले, सामानावर रात्रीचा पहारा कोणी दिला, गवंड्यांचे जेवण कोणी रांधले, मुंबईहून सामान कोणाच्या टेंपोतून आले, बिघडलेला पंप कोणी चालू करून दिला. ही यादी कोठेच लिहिलेली नसते. ती एखाद्या धडपड्या माणसाच्या डोक्यात किंवा त्याच्या खिशातील डायरीत असते. काम संपते, डायरी फाटते, तो माणूस थकतो, आणि पुढच्या प्रसंगी गावाला पुन्हा पहिल्यापासून माणसे शोधावी लागतात.

आजचा विषय ही दुसरी यादी आहे. गावातील आणि गावाबाहेरील स्वयंसेवकांची, एका ठिकाणी लिहिलेली, सर्वांच्या मालकीची अशी एक नोंदवही असावी आणि ती चालू राहावी, एवढीच सूचना आहे. वही करणे सोपे असते. एका सुट्टीत दोन मुले बसली तर वही तयार होते. ती चालू ठेवणे हेच खरे काम, आणि त्याविषयीच थोडे तपशिलाने बोलले पाहिजे.

कोणी म्हणेल, खेडेगावात वही कशाला? येथे प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो. हे एके काळी खरे होते. शिमग्यात पालखी घरोघरी जाते. तिचा क्रम लिहून ठेवलेला नसला तरी एकही घर चुकत नाही, कारण तो मानकऱ्यांना पाठ असतो. परंतु ज्या घरासमोर पालखी थांबते, त्या घरातला मुलगा हल्ली कोठे असतो, त्याचा फोन कोणता, त्याला कोणते काम येते, हे त्या क्रमात कोठून असणार? कित्येक घरांना तर वर्षातले दहा महिने कुलूपच असते. जनगणनेचे आकडे पाहावेत. २००१ साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती. २०११ साली ती १६,१५,०६९ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्यात दहा वर्षांत ८१ हजारांहून अधिक माणसे कमी झाली. ती मुख्यतः पोटापाण्यासाठी बाहेर गेली. गावची माणसे आजही गावचीच आहेत, पण ती गावात नाहीत.

पूर्वी अशा माणसांचीही नोंद असे. मुंबईत परळ, लालबाग, गिरगाव भागातील चाळींत गावकऱ्यांच्या सामाईक खोल्या असत. गावाहून आलेला तरुण प्रथम त्या खोलीत उतरे आणि तेथून गिरणीत लागे. खोलीचा कारभार पाहणाऱ्याजवळ वर्गणीची वही असे. कोण कोणत्या गिरणीत आहे, कोण आजारी आहे, कोणाला गावी पाठवावयाचे आहे, हे सारे त्या वहीच्या आधाराने कळे. १८ जानेवारी १९८२ पासून गिरण्यांचा संप झाला, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या. माणसे विरार, नालासोपारा, डोंबिवली, दिवा अशी पांगली. जेथे वही होती ती खोलीच राहिली नाही.

दुसरे कोणी म्हणेल, व्हॉट्सॲपवर गावाचा गट आहे, मग वही कशाला? गट अवश्य असावा. परंतु गट म्हणजे चावडीवरील बोलणे आणि वही म्हणजे चावडीतील दप्तर. बोलणे वाऱ्यावर जाते, दप्तर उघडून पाहता येते. गटात सकाळी सुप्रभात असते, दुपारी जाहिरात असते, संध्याकाळी वाढदिवस असतो. अमक्याला विहिरीत उतरता येते हे गटात कधी काळी कोणी लिहिलेले असले, तरी रात्री दोन वाजता ते सापडत नाही. आणि गरज बहुधा रात्री दोन वाजताच लागते.

ही गरज कशी असते ते या जिल्ह्याला सांगावयास नको. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे धरण फुटले. खालच्या भेंदवाडीतील घरे वाहून गेली, वीसांहून अधिक जीव गेले. असे पाणी येते तेव्हा फोन नंबर शोधण्यास वेळ नसतो. कोणी कोणाला उठवावयाचे हे आधी ठरलेले असेल तरच काही उपयोग. पुढच्याच वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले आणि आपल्या मंडणगड व दापोली तालुक्यांचीही दैना करून गेले. विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल बंद पडले, गावे दिवसचे दिवस अंधारात राहिली. ज्यांच्याजवळची नावे केवळ फोनमध्ये होती, त्यांना ती पाहतासुद्धा येईनात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूण बुडाले. अशा पुरात प्रश्न तीन असतात. होडी कोणाकडे आहे? ती चालविणारा कोण? आणि ती खाडीवरून शहरात आणण्यास ट्रक कोणाचा? या तीन प्रश्नांची उत्तरे तीन निराळ्या माणसांजवळ असतात आणि ते तिघे एकमेकांना ओळखत नसतात. वहीचे काम त्या तिघांची गाठ घालून देण्याचे आहे.

ही गाठ आधीच पडलेली असली तर काय होते, त्याचेही उदाहरण जवळचेच आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात दरीत कोसळली. ३० जण दगावले, एकटा वाचला. त्या खोल दरीत दोर बांधून जे उतरले त्यांत महाबळेश्वर, पोलादपूर भागांतील गिर्यारोहक आणि स्थानिक तरुण होते. ते कोणाचे पगारी नोकर नव्हते. त्यांच्याजवळ दोर होते, सराव होता, आणि अशा वेळी कोणाला हाक मारावयाची हे त्यांना ठाऊक होते. महाराष्ट्रातील गिर्यारोहकांनी अशा कामासाठी एक समन्वय केंद्रही उभे केले आहे. डोंगरात अपघात झाला की केंद्राच्या क्रमांकावर फोन करावयाचा, म्हणजे जवळच्या गटास निरोप जातो. गट अनेक, गावे अनेक, परंतु यादी एक.

शासनानेही हीच वाट धरली आहे. २००३ साली केंद्र शासनाने आपत्तीच्या वेळी लागणारी यंत्रसामग्री व जाणती माणसे यांची जिल्हावार यादी संगणकावर ठेवण्यास सुरुवात केली. २०१६ साली ‘आपदा मित्र’ योजना सुरू झाली. प्रथम पुराचा धोका असलेल्या ३० जिल्ह्यांत ६,००० स्वयंसेवकांना शिक्षण देण्याचे ठरले आणि पुढे ३५० जिल्ह्यांत एक लाखांचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. महाराष्ट्रात कित्येक गावांनी ग्रामसुरक्षा यंत्रणेत आपले फोन नोंदविले. एका टोल-फ्री क्रमांकावर सांगितलेला निरोप गावातील नोंदलेल्या सर्व फोनवर एकाच वेळी ऐकू जावा, अशी ती सोय. या सर्व सोयींचा गावाने लाभ घ्यावा. परंतु जिल्ह्याच्या यादीत जेसीबी सापडेल. वरच्या वाडीत आंब्यावर चढून मोडलेली फांदी उतरविणारा माणूस त्या यादीत सापडणार नाही. ती नोंद गावानेच केली पाहिजे.

आता मुख्य मुद्दा. अशा याद्या पूर्वी अनेक ठिकाणी झाल्या आणि वाया गेल्या. का गेल्या? फोन बदलला, पत्ता बदलला, माणूस वारला, मुलगी लग्न होऊन गेली, आणि वहीला ते कोणी सांगितले नाही. दोन वर्षांत निम्मे नंबर लागेनासे होतात. एकदा असे झाले की लोकांचा वहीवरील विश्वास उडतो, आणि मग बरोबर असलेल्या नोंदीही कोणी उघडून पाहत नाही.

जमिनीच्या दप्तराला ही अडचण फार पूर्वीच आली होती. तिच्यावरचा उपाय सर्व शेतकऱ्यांच्या परिचयाचा आहे. सातबारा कोणी मनाला येईल तसा खोडून दुरुस्त करीत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे ज्याला जमिनीत हक्क मिळाला त्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यास, कळवावे लागते. कलम १५० प्रमाणे ती खबर फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये चढते. तिची प्रत चावडीत लावतात, संबंधितांना नोटीस देतात, कोणाची हरकत असल्यास ती ऐकून घेतात. त्यानंतर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि मगच सातबारा बदलतो. या पद्धतीत तीन गोष्टी आहेत. बदल कोणी कळवावयाचा हे ठरलेले आहे. तो कोणी लिहावयाचा हे ठरलेले आहे. आणि कोणी, केव्हा, कशावरून बदलले हे मागाहून पाहता येते. ज्या घराने आजोबा वारल्यावर वारसनोंद केली नाही, त्या घराचे पुढे काय हाल होतात ते येथे बसलेल्या पुष्कळांना माहीत आहे. स्वयंसेवकांच्या वहीची गत तीच आहे. फेरफार नसलेली वही म्हणजे मयताच्या नावावर चालू असलेला सातबारा.

तेव्हा वही दोन भागांत असावी. पहिल्या भागात माणसांची नोंद. दुसऱ्या भागात फेरफार. कोणाचाही फोन, मुक्काम किंवा काम बदलले की आधी फेरफारात तारखेसह एक ओळ लिहावी, कळविणाऱ्याचे नाव लिहावे, नंतर मूळ नोंद दुरुस्त करावी. लिहिण्याचा अधिकार दोघांनाच असावा, एक गावात राहणारा आणि एक मुंबई मंडळातील. पाहण्याची सोय मात्र प्रत्येक वाडीच्या प्रमुखास असावी. संगणकावरील तक्त्यातही हे करता येते. पाहणारे अनेक व लिहिणारे दोन, अशी सोय त्यात असते. परंतु वर्षातून एकदा तरी तक्ता कागदावर उतरवून त्याच्या प्रती देवळाच्या कपाटात, ग्रामपंचायतीत आणि वाडीप्रमुखांकडे ठेवाव्यात. वीज नसताना कागदच वाचता येतो.

नोंदीत काय असावे? स्वतःचे, वडिलांचे वा पतीचे नाव व आडनाव, वाडी आणि घराची ओळख. एकाच नावाची तीन-तीन माणसे कोकणातल्या गावात असतात, म्हणून हे सारे लागते. नावे मराठीतच लिहावीत. इंग्रजीत एकच ‘सावंत’ दोन तऱ्हांनी लिहितात आणि एका माणसाच्या दोन नोंदी होतात. त्यानंतर स्वतःचा फोन व घरातील दुसऱ्या कोणाचा फोन. सध्या मुक्काम कोठे. येणारे काम कोणते : गवंडी, सुतार, वायरमन, ड्रायव्हर, परिचारिका, पोहणारा, झाडावर चढणारा, पन्नास पानांचा स्वयंपाक करणारी. जवळ असलेले साधन : जीप, होडी, दोर, जनरेटर, लाकूड कापण्याचे यंत्र. कोणत्या वेळी येऊ शकेल. रक्त देण्याची इच्छा असल्यास रक्तगट आणि मागच्या रक्तदानाची तारीख. रक्तदात्याचे वय १८ ते ६५ असावे लागते आणि दोन रक्तदानांत पुरुषास तीन महिने व स्त्रीस चार महिने अंतर ठेवावे लागते. तारीख नसेल तर नुसत्या रक्तगटाचा उपयोग अर्धाच.

काय नसावे, तेही तितकेच महत्त्वाचे. आधार क्रमांक नको, बँकेचे खाते नको, उत्पन्न नको, जात नको. जे कामाला लागत नाही ते विचारू नये. जे विचारले नाही ते हरवतही नाही. प्रत्येक नोंदीपुढे त्या माणसाची सही असावी की, ही माहिती गावाच्या मदतकार्यासाठी दिली आहे. कोणालाही न विचारता त्याचे नाव घालू नये आणि कोणी ‘माझे नाव काढा’ म्हटले तर कारण न विचारता काढावे. माणसाची माहिती त्याच्या संमतीने व सांगितलेल्या कामापुरतीच वापरावी, हे तत्त्व २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आले आहे. कायदा राहो, गावचा रिवाज म्हणूनही ते योग्यच आहे. ही वही निवडणुकीत कोणाच्या हाती जाऊ नये, दुकानदाराच्या जाहिरातीस मिळू नये, वर्गणीच्या तगाद्यासाठी उघडू नये. एकदा जरी तसे झाले तरी लोक खोटे नंबर देऊ लागतील, आणि त्यांना दोष देता येणार नाही.

आता थोडे नाजूक, पण सांगणे भाग आहे. यादी करणारा ज्या वाडीचा, त्या वाडीची नावे अधिक आणि दूरच्या वाडीची कमी, असे सहज घडते. कोणाच्या मनात काही नसते, तरी घडते. म्हणून प्रत्येक वाडीला सारखे पान द्यावे, ते त्याच वाडीतील माणसाने भरावे, आणि पाने वर्णानुक्रमे लावावीत, मानाप्रमाणे नव्हे. दरड कोसळताना वाडी विचारत नाही. वहीनेही विचारू नये.

तसेच माता-भगिनींचे. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. पुरुष कामासाठी बाहेर असतात, म्हणून गावात प्रत्यक्ष हजर असलेला हात पुष्कळदा बाईचा असतो. रात्री बाळंतिणीजवळ कोण बसते, तापाच्या म्हाताऱ्याला पेज कोण नेऊन देते, पूर ओसरल्यावर चिखल कोण उपसते? तरीही याद्यांमध्ये घरटी एक पुरुषाचे नाव घालून मोकळे होण्याची सवय आहे. स्त्रीची नोंद ‘अमक्याच्या घरातील’ अशी न करता तिच्या स्वतःच्या नावाने, स्वतःच्या फोनसह करावी. नाही तर वही अर्धी कोरी राहील.

वही चालू राहण्यास दोन दिवस बांधून घ्यावेत. चाकरमानी शिमग्याला येतात आणि गणपतीला येतात. शिमग्यात वाडीवार पान वाचून दाखवावे व दुरुस्त करावे, म्हणजे पावसाळ्यापूर्वी वही ताजी होते. गणपतीत पुन्हा एकदा पाहावी. याशिवाय मे महिन्यात एका रविवारी सर्व नंबरांवर एकदा खरोखर फोन करून पाहावा. एकाने पाच जणांना, त्या पाचांनी आणखी पाचांना, अशी साखळी ठरवून दिली तर तासाभरात गाव पुरे होते. जो नंबर लागला नाही त्यापुढे खूण करावी आणि फेरफार लिहावा. पावसाच्या रात्री जो नंबर लागणार नाही तो मे महिन्यातच कळलेला बरा.

शेवटची सूचना. कोणाला केव्हा बोलावले आणि कोण आले, याची एक ओळ वहीत राहावी. ती कोणाला मोठे करण्यासाठी नको. प्रत्येक गावात चार माणसे अशी असतात की ज्यांना हाक मारली की ती येतात. म्हणून हाक त्यांनाच जाते, पुन्हा पुन्हा जाते. त्यांची भातलावणी मागे पडते, घरचे कुरकुरतात, आणि एके वर्षी ती चार माणसेही मागे सरतात. मग लोक म्हणतात, गावात आता पूर्वीसारखी माणसे राहिली नाहीत. माणसे असतात, परंतु उरलेल्या चाळीस जणांना कोणी कधी विचारलेलेच नसते. वहीत ओळ असली म्हणजे पाळी लावता येते, आणि पाळी असली म्हणजे कोणी थकत नाही.

मंडळी, या देवळाच्या कामाला किती जणांचे हात लागले ते आज सर्वांना आठवते आहे. आणखी पाच वर्षांनी आठवणार नाही. म्हणून ज्यांनी या कामात श्रमदान केले, त्यांच्याच नावांनी, त्यांची संमती घेऊन, वहीचे पहिले पान सुरू करावे. सोहळा संपून चाकरमानी परत जाण्यापूर्वी प्रत्येक वाडीने आपला एक माणूस नेमावा आणि लिहिणाऱ्या दोघांची नावे येथेच सर्वांसमोर ठरवावीत. देवळाच्या नूतनीकरणास लाखांनी खर्च येतो. या वहीला एक रजिस्टर, एक पेन आणि दोन माणसांची चिकाटी लागते.

ग्रामदेवतेच्या कृपेने ही वही उघडण्याचे प्रसंग आनंदाचेच येवोत, उत्सवाचे, श्रमदानाचे, लग्नकार्याचे. परंतु संकट आलेच, तर हाक कोणाला मारावयाची हे गावाला ठाऊक असो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.